मसूर स्टेशनावरची तहान



वाचनालयातील थोरांची छोटी चरित्रे चाळली तर एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते : घरची गरिबी होती, तरी जिद्दीने शिकले. पुष्कळांच्या बाबतीत ते खरेच आहे. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी एवढेच सांगून थांबणारे पुस्तक अर्धी गोष्ट दडवते, असे आम्हांस वाटते.

बेळगावहून मिरजमार्गे पुण्याला जाताना कऱ्हाडच्या पुढे मसूर हे लहानसे स्टेशन लागते. १९०१ साली छोटा भीम, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले तेथे उतरली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांच्याकडे सुट्टीला निघाली होती. निरोप न पोचल्याने न्यायला कोणी आले नाही. मुलांच्या अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली. पण जात कळताच ते मागे सरले. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर. सोबत जेवण भरपूर होते. पाणी मात्र कोणी देईना. त्यामुळे मुले रात्री उपाशीच झोपली.

आता पाहा. पैसे होते, कपडे होते, डबा होता. मग गरिबी कोठे आली? अडथळा माणसांनी घातलेला होता. बाबासाहेबांनी हा प्रवास स्वतः लिहून ठेवला आहे.

हीच हकिकत २०११ साली निघालेल्या ‘भीमायन’ या मूळ इंग्रजी चित्रकथेत आहे. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी ती चितारली आहे. तिच्यात टोचणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते, तर सोसणाऱ्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. इंग्रजी जड गेले तरी पाचवीच्या मुलालाही कोण कसे बोलतो आहे ते चित्रावरून उमगते. विश्वस्त मंडळाने तिची एक प्रत जरूर घ्यावी.

हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी बाबासाहेब निपाणीस आले होते. निपाणीच्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

पालकांची एक शंका असते : लहान मुलांना असले कटू कशाला सांगावे? आमचे उत्तर मुक्ता साळवे. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातील मुलगी. वय चौदाच्या आसपास. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. मांग-महारांची दुःखे तिने त्यात मांडली आणि वेद वाचण्याचा अधिकार आम्हांला नसेल तर आमचा धर्म कोणता, असा सवालही केला. जे एका शाळकरी मुलीने लिहिले, ते शाळकरी मुलांनी वाचू नये काय? शिवाय वर्गात बसलेल्या काही मुलांच्या आजी-आजोबांनी असे दिवस पाहिलेले असतात. त्यांच्या घरची गोष्ट पुस्तकात ‘गरिबी’ या एका शब्दात उरकली, तर त्या मुलांना ते चटकन कळते.

स्वाध्याय : वाचनालयातील कोणतेही एक चरित्र घ्या. नायकाला कोणी अडवले, हे लिहिले आहे का? असल्यास ते वाक्य वहीत उतरवा. नसल्यास ते कोठे यायला हवे होते, तो पान क्रमांक लिहा. सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांनी वह्या ग्रंथपालांकडे द्याव्यात.