सेवेचा पहिला पाठ

परोपकाराची हौस पुष्कळांस असते. परंतु ज्यावर उपकार करावयाचा, त्याच्या अंगणात बसून त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सवड थोड्यांसच असते. आफ्रिकेतील लेसोथो हा देश डोंगराळ आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या ‘पीस कोअर’ या अमेरिकन संस्थेचे स्वयंसेवक तेथील खेड्यांत राहावयास जात, तेव्हा त्यांस प्रथम तेथील सेसोथो भाषा शिकावी लागे. शिकविण्यास आलेल्याने आधी शिकावे, असा हा क्रम आहे.

आपल्या देशातही या क्रमाचे एक उत्तम उदाहरण आहे. व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा विद्वान इंग्रज तरुण १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. तेथे शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी त्याचा स्नेह जडला. १९३२ साली हे दोघे मैकल पर्वतातील करंजिया गावी गोंड लोकांत जाऊन राहिले. मातीची झोपडी हेच त्यांचे घर. तेथे त्यांनी शाळा व दवाखाना चालविला, हिवतापही सोसला. लोक त्यांस ‘बडे भाई’ व ‘छोटे भाई’ म्हणू लागले.

एल्विन तेथे गेला तो चरख्याचा संदेश घेऊन. परंतु जेथे कापूस पिकत नाही, तेथे सूतकताईचा आग्रह व्यर्थ आहे, हे त्यास कळून आले. शेजारचे बैगा लोक नांगर धरीत नसत. तो आळस नव्हे. धरणी ही माता; तिच्या उरावर नांगराचा फाळ कसा चालवावा, अशी त्यांची श्रद्धा होती. हे सर्व त्याने १९३९ साली ‘द बैगा’ या ग्रंथात लिहून ठेविले. उपदेशक विद्यार्थी झाला, आणि मगच त्याची सेवा फळास आली. १९५४ साली तो भारताचा नागरिक झाला. शामराव तर त्या डोंगरातच राहिले.

विद्यार्थिमित्रहो, एवढ्या दूर कशास जावे? पेण व रोहा तालुक्यांतील डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या व ठाकरांच्या वाड्या आहेत. त्या आपल्या नजरेच्या टप्प्यात आहेत. तरी तेथे आपण परदेशीच ठरतो. पाऊस सरला की वाडीवरील मुले शाळेतून नाहीशी होतात. ‘यांस विद्येची गोडीच नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण विचारून पाहिले तर निराळेच कळते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, म्हणून बाप मुकादमाकडून उचल घेतो. ती फेडण्यास सारे कुटुंब वीटभट्टीवर वा कोळसाभट्टीवर जाते. घरी मागे कोणीच राहत नाही. मग मूल शाळेत कसे राहावे? अशा मुलास पाटी देऊन भागत नाही. त्या मोसमात त्याच्या राहण्याजेवणाची सोय हवी.

पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेले विनोबा भावे १९५१ साली पोचमपल्लीस गेले, तेव्हा त्यांनी तेथील दलित बांधवांस ‘तुम्हांस काय हवे?’ असे विचारले. उत्तर आले, ‘जमीन’. त्या एका प्रश्नातून भूदानाची चळवळ उभी राहिली.

म्हणून आमची विनंती एवढीच की, वाडीवर जाल तेव्हा जुने कपडे व खाऊ वाटून लगेच परतू नका. तेथील एखाद्या आजीजवळ बसा, तिच्या बोलीतील चार शब्द शिका, आणि तिला काय हवे ते विचारा. पालकांनीही मुलांस या कामी उत्तेजन द्यावे. देणाऱ्याचा हात वर असतो खरा. परंतु शिकणाऱ्याचे मस्तक लवलेले असते, आणि सेवेचा आरंभ तेथूनच होतो.