लिस्बनची वही आणि सिल्वासाचे दाखले



नगर हवेलीत जन्मलेल्या आजोबा-आजींच्या आधारे पोर्तुगालचे नागरिकत्व मिळते का, हा प्रश्न सिल्वासा, नरोली, खानवेलकडच्या कुटुंबांत अजून निघतो. उत्तर कायद्याच्या कलमापेक्षा जुन्या दाखल्यांवर जास्त अवलंबून असते. ज्या घराने दाखले आधी तपासले, त्याचा खर्च आवाक्यात राहतो. ज्याने एजंटाला आगाऊ रक्कम दिली आणि मग दाखले शोधायला घेतले, त्याचे पैसे बहुधा दुरुस्त्यांतच जिरतात.

या भागाच्या तारखा आधी नीट लावून घ्याव्या लागतात. १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख पोर्तुगिजांना देण्याचे मान्य केले. त्यातून १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेला. पुढे हा सारा प्रदेश दमण जिल्ह्याचा भाग म्हणून चालला. जुलै १९५४ मध्ये दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्यानंतर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात नागरी व्यक्ती आणि मालाच्या ये-जा हक्काचे तत्त्व मान्य झाले, पण लष्कर नेण्याचा हक्क नाकारला गेला आणि भारताने कर्तव्यभंग केला नसल्याचे ठरले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश भारतीय संघराज्यात आला, आणि दादरा व नगर हवेली (नागरिकत्व) आदेश, १९६२ ने इथल्या रहिवाशांच्या भारतीय नागरिकत्वाला कायद्याचा आधार दिला. पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानेच मान्य केले.

एवढा इतिहास अर्जदाराला लागतो, कारण सगळा दावा जन्माच्या तारखेवर उभा राहतो. गोवा, दमण आणि दीवसाठी १९ डिसेंबर १९६१ ही रेषा धरली जाते. त्याआधी तिथे जन्मलेली व्यक्ती पोर्तुगीज दफ्तरात नोंदलेली असेल, तर तिला स्वतःच्या नावाने लिस्बनकडे जाता येते. हवेलीचे तसे नाही. पोर्तुगीज कारभार इथे १९५४ मध्येच संपला आणि कारभाराबरोबर नोंदीही थांबल्या. १९५८ साली सिल्वासात जन्मलेल्या आणि १९५८ साली दमणात जन्मलेल्या दोन भावंडांचे कागद म्हणूनच एकसारखे निघणार नाहीत. ज्या कुटुंबाचे एक अंग दमणचे आहे, त्याने आधी तिकडच्या नोंदी शोधाव्यात. पुष्कळ घरांत आईचे किंवा आजीचे माहेर दमणचे असते आणि भक्कम दाखला त्याच बाजूला सापडतो, पण शोध मात्र वडिलांच्या आडनावापाशी अडून राहतो.

पोर्तुगालचा आजचा नागरिकत्व कायदा ३ ऑक्टोबर १९८१ चा, क्रमांक ३७/८१. परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील पोर्तुगीज असतील, तर त्याचा जन्म पोर्तुगीज नागरी नोंदवहीत लिहून नागरिकत्व मागता येते. नातवाची वाट याहून अवघड आहे. त्याला पोर्तुगीज समाजाशी नाते दाखवावे लागते, आणि त्यासाठी भाषेचे ज्ञान लागते. म्हणून कुटुंबे पिढी दर पिढी चढतात. आधी वडिलांची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जाते, मग आईवडिलांच्या लग्नाची, आणि शेवटी मुलाची. मधली एक कडी राहिली तर पुढचा अर्ज तिथेच थांबतो. लग्नाची नोंद हीच कडी सर्वांत जास्त वेळा निसटते, कारण त्या पिढीत मंडपातले लग्न सरकारी वहीत नोंदवून घेण्याची पद्धत फारशी नव्हती. २०२५ मध्ये पोर्तुगाल सरकारने हा कायदा अधिक कडक करण्यासाठी पावले उचलली. जुन्या अर्जदाराचा अनुभव नव्या अर्जदाराला तसाच लागू पडेल, असे त्यामुळे धरू नये.

दाखल्यांच्या बाबतीत खरी अडचण नावांची आहे. पोर्तुगीज कारकुनाने नाव ऐकले तसे आपल्या लिपीत उतरवले. 'श'साठी तो 'एक्स' लिहीत असे, त्यामुळे शांताराम आणि शंकर ही नावे आजच्या आधार कार्डाशी जुळत नाहीत. पुढे तेच नाव शाळेत गुजरातीत किंवा मराठीत चढले आणि पासपोर्टवर इंग्रजीत आले. लग्नानंतर बाईचे नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही बदलले. जन्मतारखेचेही तसेच. वारली, कोकणा आणि इतरही कष्टकरी घरांत मूल शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली आणि ती आयुष्यभर चालली. यात कुणाची लबाडी नाही. पण लिस्बनमधल्या अधिकाऱ्यासमोर एका माणसाची तीन नावे आणि दोन तारखा ठेवल्या, तर तो तीन माणसे समजणार.

यावर नोटरीचे प्रतिज्ञापत्र हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुबळा उपाय आहे. शक्य तिथे मूळ नोंदच दुरुस्त करून घ्यावी. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ मध्ये त्याची सोय आहे. कलम १५ खाली निबंधक चूक दुरुस्त करू शकतो. नोंदच नसेल आणि जन्माला वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर कलम १३ खाली विलंबाने नोंद होते. त्यासाठी पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आले. दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वांत जुना दाखला पाया मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे असतात. अनेक जण आधी पासपोर्ट बदलून आणतात आणि मग जन्मदाखला वेगळाच निघतो.

जुन्या पोर्तुगीज नोंदीची पूर्ण, अक्षरशः प्रत मागावी, नुसता सारांश घेऊन येऊ नये. समासात नंतर लिहिलेल्या नोंदी सारांशात येत नाहीत, आणि नेमक्या त्याच उपयोगी पडतात. भारतीय दाखल्यांना ॲपोस्टिल लागते. आधी स्थानिक प्रशासनाकडून दाखला प्रमाणित होतो, मग परराष्ट्र मंत्रालय शिक्का देते. मंत्रालयाची फी प्रत्येक कागदाला ५० रुपये आहे, अधिक काम स्वीकारणाऱ्या संस्थेचा आकार. ॲपोस्टिलसाठी हजारो रुपये सांगितले जातात तेव्हा ती रक्कम दलालाची असते. त्यानंतर पोर्तुगीज भाषांतर येते. पोर्तुगालकडे मोठ्या व्यक्तीच्या जन्माधारित नागरिकत्वाच्या अर्जाची फी १७५ युरो आणि विवाहनोंदीची १२० युरो अशी चालत आली आहे. अल्पवयीन मुलाची जन्मनोंद विनाशुल्क होते. मुले अठरा वर्षांची होण्याआधी कागद जुळले तर कुटुंबाचा खर्च इथे बराच वाचतो. पणजीत पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास आहे. अर्ज, फी आणि भेटीची वेळ यांची खात्री तिथूनच करावी.

या धडपडीमागे पुष्कळांचे खरे ठिकाण इंग्लंड असते, आणि इथे जुनी माहिती सर्वांत जास्त घात करते. ३१ डिसेंबर २०२० नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क उरलेला नाही. त्याआधीपासून तिथे राहणाऱ्यांसाठी सेटलमेंट योजना होती, तिची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ला संपली. जो नातेवाईक ३१ डिसेंबर २०२० च्या आत तिथे स्थायिक झाला, त्याच्या जोडीदाराला त्या योजनेखाली विनाशुल्क अर्ज करता येतो, पण दोघांचे नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असले पाहिजे. त्यानंतर लग्न झाले असेल तर नेहमीचा जोडीदाराचा व्हिसा लागतो.

त्या व्हिसाचा हिशेब सबंध मांडलेला बरा, कारण एजंट बहुधा पहिलाच हप्ता सांगतो. एप्रिल २०२५ च्या दरांनी भारतातून पहिला अर्ज १,९३८ पौंडांचा. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे पहिल्या मुदतीसाठी ३,१०५. अडीच वर्षांनी मुदतवाढ १,३२१ आणि पुन्हा अधिभार २,५८७ पौंडांच्या वर. पाच वर्षांनी कायम वास्तव्य ३,०२९, त्यानंतर नागरिकत्व १,७३५. बेरीज सुमारे १३,७०० पौंडांवर जाते, आणि त्यात इंग्रजीची परीक्षा, क्षयरोगाची तपासणी, भाषांतरे, वकील काहीच धरलेले नाही. शिवाय एप्रिल २०२४ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी बोलावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न वर्षाला २९,००० पौंड असावे लागते किंवा पुरेशी मोठी बचत दाखवावी लागते. लग्न ठरवतानाच ही अट दोन्ही घरांनी बोलून घ्यावी. लग्नानंतर उत्पन्न पुरत नसल्याचे कळले, तर मुलगी वर्षानुवर्षे माहेरी वाट पाहत राहते.

भारताच्या बाजूचा खर्च पैशांत कमी आणि परिणामांत मोठा आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, आणि नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे परदेशी पासपोर्ट घेणे हा त्याचा निर्णायक पुरावा ठरतो. नुसती जन्मनोंद लिस्बनला केल्याने नागरिकत्व जाते का, यावर गोव्यात आमदारांच्या निवडणुकीपर्यंत वाद गेले. तेव्हा ती नोंदही निरुपद्रवी समजू नये. पोर्तुगीज पासपोर्ट हाती आल्यावर भारतीय पासपोर्ट जमा करून समर्पण प्रमाणपत्र घ्यावे लागते. जुना पासपोर्ट कपाटात ठेवून त्यावर प्रवास करणे दंडाला आमंत्रण आहे, आणि पासपोर्टसाठी खोटी माहिती देणे हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. गोव्यात अशा पासपोर्टांचा प्रश्न इतका चिघळला की २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला त्यावर स्वतंत्रपणे निर्णय घ्यावा लागला.

त्यानंतर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळते. भारतात अर्ज केला तर १५,००० रुपये, परदेशात २७५ डॉलर. ते आजन्म व्हिसासारखे चालते, पण त्यावर मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सर्वसाधारणपणे नाही, आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते. दादरा-नगर हवेलीत, जिथे आदिवासी कुटुंबांचे सारे जगणे जमिनीवर आणि राखीव जागांवर टिकून आहे, तिथे हा तोटा सर्व फींच्या बेरजेपेक्षा मोठा आहे. म्हणून ज्याच्या नावावर शेती घ्यायची आहे, किंवा जो सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसला आहे, त्या सदस्याने पोर्तुगीज अर्जावर सही करू नये. बाकीच्यांनी करायची की नाही ते घराने एकत्र बसून ठरवावे, आणि तो निर्णय एजंटाला भेटण्याआधी झालेला असावा.