किटली आणि चार आज्या

(संगणकावर काढलेली हलती चित्रे आज आपल्या ओळखीची झाली आहेत. या चित्रांचे बालपण कसे होते आणि दुबईतील चार आज्या त्या चित्रांत कशा आल्या, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, दुबईचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. तुमच्यापैकी काहींचे काका किंवा मामा नोकरीसाठी तिकडे गेले असतील. दुबई हे संयुक्त अरब अमिराती या देशातले शहर आहे. हा देश १९७१ साली स्थापन झाला. सात अमिराती मिळून तो बनला आहे.

आज दुबई म्हटले, की उंच उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. तेथील बुर्ज खलिफा ही इमारत ८२८ मीटर उंच आहे. पण पूर्वीची दुबई अशी नव्हती. खाडीच्या काठी वसलेले ते एक लहान गाव होते. गल्ल्या अरुंद होत्या. घरांवर वारा पकडणारे चौकोनी मनोरे असत. वरून वाहणारा वारा त्या मनोऱ्यात शिरे आणि खालच्या खोलीत उतरे. त्यामुळे वाळवंटातल्या उन्हाळ्यातही घरात थोडा गारवा मिळे.

पुरुष समुद्रातून मोती काढत. उन्हाळ्यात ते होड्या घेऊन निघत, ते तीन-चार महिने परत येत नसत. तेव्हा घर, मुलेबाळे, पाणी, सरपण हे सारे बायकाच पाहत. त्या फार धीराच्या होत्या.

१९६६ साली दुबईत खनिज तेल सापडले आणि गाव झपाट्याने बदलले. १९६८ साली दुबईची लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास होती. २००६ साली ती चौदा लाखांच्या घरात गेली. जुन्या गल्ल्यांच्या जागी रुंद रस्ते आले. शेजारी शेजारी राहणारी माणसे दूर दूर राहायला गेली. जुने दिवस आठवणाऱ्या आज्या मात्र घरोघरी होत्या.

तिकडच्या बोलीत गल्लीला, आळीला 'फरीज' म्हणतात. २००६ साली रमजानच्या महिन्यात दुबईच्या दूरदर्शनवर याच नावाची एक मालिका सुरू झाली. दिवसभराचा उपवास सोडून घरातील लहानथोर एकत्र बसत आणि पडद्यावर चार आज्यांच्या गमती पाहत.

या चारही आज्या एका जुन्या गल्लीत राहतात. गल्लीच्या चारही बाजूंनी मात्र नवी दुबई उभी आहे. त्यांची नावे ऐका : उम सईद, उम सलूम, उम अल्लावी आणि उम खम्मास. 'उम' म्हणजे आई. आपल्याकडे शेजारणीला 'बंडूची आई' म्हणून हाक मारतात ना? तसेच हे! उम सईद म्हणजे सईदची आई.

उम सईद ठेंगणी, पण मोठी शहाणी. तिच्या तोंडी सतत काव्य असते. उम सलूम शांत स्वभावाची आणि विसराळू. उम अल्लावी हुशार आहे, तिला संगणकही वापरता येतो. उम खम्मास कोणालाच घाबरत नाही. तिचा आवाज सगळ्या गल्लीत घुमतो. चौघींच्या चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा मुखवटा असतो. त्यामुळे त्यांचे डोळेच जास्त बोलतात.

या आज्यांचे काम कोणा नटीने केलेले नाही. त्या संगणकावर काढलेल्या आहेत. संयुक्त अरब अमिरातींमध्ये तयार झालेली अशा प्रकारची ही पहिली मालिका मानली जाते.

संगणकावर असे चित्र कसे काढतात? तुम्ही दिवाळीत आकाशकंदील करता ना? आधी तुम्ही काड्यांचा सांगाडा बांधता. मग त्यावर रंगीत कागद चिकटवता. शेवटी आत दिवा लावता. संगणकावरचे चित्रही असेच होते. आधी रेघांचा सांगाडा तयार करायचा. मग त्यावर रंगाचा पापुद्रा चढवायचा. नंतर प्रकाश कोठून येतो, हे ठरवायचे. फरक इतकाच, की येथे काडी नसते, कागद नसतो, दिवाही नसतो. सगळे आकड्यांत असते. प्रत्येक बिंदू कोठे आहे, हे संगणकाला आकड्यांनी सांगावे लागते.

चित्र हलते कसे? त्यासाठी एकामागून एक अनेक चित्रे काढतात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्रापेक्षा किंचित वेगळे असते. चित्रपटात एका सेकंदात अशी २४ चित्रे डोळ्यांसमोरून जातात आणि आपल्याला चित्र हलल्यासारखे वाटते.

आज संगणक हे काम भराभर करतो. पन्नास वर्षांपूर्वी मात्र तसे नव्हते. तेव्हा संगणकाची चित्रकला बाल्यावस्थेत होती. लहान मूल पहिल्यांदा पाटीवर काय काढते? गोल काढते, चौकोन काढते. संगणकाचेही तसेच होते. चेंडू, ठोकळा, शंकू हे आकार त्याला जमत. केस, पाने, कपड्यांच्या चुण्या त्याला जमत नसत.

अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल नावाचे संशोधक होते. १९७५ साली त्यांना संगणकाच्या सरावासाठी एखादी वस्तू हवी होती. घरातल्या चहाच्या किटलीचेच चित्र काढावे, असे त्यांच्या पत्नीने सुचवले. न्यूएल यांनी ती किटली आलेखाच्या कागदावर रेखाटली. तिचे गोल पोट, झाकण, मूठ आणि बाकदार तोटी यांची मापे संगणकाला दिली. ती मापे त्यांनी इतर संशोधकांनाही मोकळेपणाने वापरू दिली. मग काय! जो तो किटली काढू लागला. कोणी ती काचेची केली, कोणी सोन्याची, तर कोणी दगडाची. ती खरी किटली आज कॅलिफोर्नियातील संगणकांच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

त्यानंतर पाच वर्षांनी टर्नर व्हिटेड या संशोधकाने एक चित्र प्रसिद्ध केले. खाली लाल-पिवळ्या चौकटींची फरशी आहे. वर निळे आकाश आहे. मध्ये दोन गोळे तरंगत आहेत. एक काचेसारखा पारदर्शक, तर दुसरा आरशासारखा चकचकीत. बस्स! चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. एवढे एक चित्र काढायला त्या वेळच्या संगणकाला एक तासाहून अधिक वेळ लागला.

हे चित्र पाहिले, की आपण स्वप्नात आलो आहोत असे वाटते. स्वप्नात असेच होते ना? आपण कोठेतरी उभे असतो, पण ती जागा कोणती हे कळत नाही. वस्तू हवेत तरंगतात. भोवती कोणी नसते. त्या चित्रकारांनी मुद्दाम स्वप्न काढले होते असे नाही. संगणकाला जेवढे येत होते, तेवढेच त्यांनी काढले. बाकीची जागा रिकामी राहिली, आणि त्या रिकाम्या जागेमुळे चित्र स्वप्नासारखे दिसू लागले.

१९८६ साली अमेरिकेत दोन मिनिटांचा एक छोटा चित्रपट तयार झाला. त्याचे नाव 'लक्सो ज्युनिअर'. त्यात टेबलावरचे दोन दिवे आहेत, एक मोठा आणि एक लहान. लहान दिवा चेंडूशी खेळतो. चेंडू फुटतो आणि तो मान खाली घालतो. या दिव्यांना नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. तरी मोठा कोण, मूल कोण, कोण खट्टू झाले, हे पाहताक्षणी कळते. दिव्याचे मन पाहणाराच ओळखतो.

१९९५ साली 'टॉय स्टोरी' हा चित्रपट आला. संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला तो पहिला मोठा चित्रपट होय. त्याचे नायक खेळणी आहेत. याला एक कारण होते. प्लॅस्टिक गुळगुळीत असते, म्हणून ते काढणे सोपे जाई. जिवंत माणसाची त्वचा आणि केस काढणे फार कठीण होते. या चित्रपटात खेळण्यातल्या चहापानाचा एक प्रसंग आहे. तेथे कोणती किटली आहे, ठाऊक आहे? न्यूएल यांच्या घरातली तीच किटली!

त्याच सुमारास आपल्याकडे कचेऱ्यांत आणि काही शाळांत संगणक येऊ लागले. थोडा वेळ कोणी हात लावला नाही, की त्यांच्या पडद्यावर आपोआप चित्रे हलू लागत. त्यांना स्क्रीनसेव्हर म्हणत. एकात रंगीत नळ्या वाढत जात, वळत, एकमेकींत गुंतत. त्यांच्या सांध्यावर क्वचित ती किटलीही दिसे! दुसऱ्यात विटांच्या भिंतींचा भुलभुलैया असे. तेथे एक राखाडी दगड फिरत असे. तो समोर आला, की सारे उलटे होई. जमीन वर आणि छत खाली!

त्या वेळची मुले आता मोठी झाली आहेत. आजच्या चित्रांत केसन्केस आणि पानन्पान दिसते. तरीही अनेकांना त्या जुन्या चित्रांची आठवण येते आणि ती पुन्हा पाहावीशी वाटतात. असे का व्हावे? त्या नळ्या कोठे जात? भुलभुलैयाच्या पलीकडे काय होते? हे संगणक सांगत नसे. ते ज्याचे त्याने मनात रंगवायचे. आजी राक्षसाची गोष्ट सांगते, तेव्हा ती राक्षस दाखवत नाही. त्याचे दात आणि डोळे तुम्हीच मनात काढता. म्हणून तो राक्षस तुमचा असतो आणि तो कायम लक्षात राहतो.

आता पुन्हा दुबईच्या आज्यांकडे वळू. १९९८ साली मोहम्मद सईद हारिब हे दुबईचे तरुण अमेरिकेतील बोस्टन शहरात चित्रकला शिकत होते. आपापल्या संस्कृतीतला एक महावीर काढा, असे विद्यार्थ्यांना सांगण्यात आले. आकाशात उडणारा किंवा डोंगर उचलणारा वीर हारिब यांनी काढला नाही. त्यांना आपली आजी आठवली. त्यांच्या कागदावर उम सईद उतरली. ती पडद्यावर यायला पुढे आठ वर्षे लागली.

या मालिकेतील आज्या पुस्तकी अरबी बोलत नाहीत. त्या आपली घरची बोली बोलतात. आपल्याकडे अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी आहे ना? तशीच ती अमिरातींची बोली. दुबईच्या बाजारात इंग्रजी, हिंदी आणि कितीतरी भाषा कानांवर पडतात. त्या गर्दीत उंच इमारतींत वाढणाऱ्या मुलांना आजीची बोली पडद्यावर ऐकायला मिळाली. पाडलेली गल्ली पुन्हा उभी राहत नाही. पण ती गल्ली कशी होती, तेथे माणसे कशी बोलत, कशी भांडत आणि पुन्हा कशी एकत्र बसत, हे चित्रांतून मुलांना कळले.

अमिरातींच्या एक दिरहमच्या नाण्यावर कॉफीचे भांडे कोरलेले आहे. लांब चोचीच्या त्या भांड्याला 'दल्ला' म्हणतात. पाहुणा आला, की दल्ल्यातून त्याला कॉफी देतात. घरातली एक साधी वस्तू, पण देशाने ती नाण्यावर जपली. न्यूएल यांनी घरातली किटली संगणकाला दिली. हारिब यांनी आजी दिली. संगणकाला स्वतःचे घर नसते, गल्ली नसते, आजीही नसते. जे आपण त्याला देतो, तेच तो दाखवतो.

मुलांनो, तुमच्या घरातही अशा वस्तू असतील. आजीचे जाते असेल, पाटा-वरवंटा असेल, पितळी डबा असेल. तुमच्या आळीत पार असेल, आड असेल. आजीच्या बोलण्यात असे शब्द असतील, जे इतर कोठे ऐकू येत नाहीत. उद्या तुम्ही संगणकावर चित्र काढाल, तेव्हा त्याला यांतले काय द्याल? आजच आजीजवळ बसा. तिला विचारा आणि नीट ऐकून घ्या.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'फरीज' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) 'टॉय स्टोरी' हा चित्रपट कोणत्या साली आला?
(इ) एक दिरहमच्या नाण्यावर कोणते भांडे आहे?

प्र. २. कारणे सांगा.
(अ) जुन्या दुबईतील घरांवर चौकोनी मनोरे असत.
(आ) 'टॉय स्टोरी'चे नायक खेळणी आहेत.
(इ) संगणकाची जुनी चित्रे स्वप्नासारखी वाटतात.

प्र. ३. संगणकावरचे चित्र आणि आकाशकंदील यांत सारखे काय व वेगळे काय, ते चार-पाच ओळींत लिहा.

उपक्रम : आजी-आजोबांच्या लहानपणी घरात असलेली, पण आता नसलेली एक वस्तू कोणती, ते त्यांना विचारा. ती कशी होती, हे त्यांच्याकडून ऐका आणि न पाहता तिचे चित्र काढा. मग ते चित्र त्यांना दाखवा.