पोरगी खाते, तरी अंगी लागत नाही



यावेळच्या पाठात एका आजाराची माहिती आहे. पण सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

खरवईतल्या आपल्या एका गटातल्या ताईंची मुलगी आठ वर्षांची, तिसरीत शिकणारी. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र पुढे आलेलं. धाकटा भाऊ उंचीने तिच्या पुढे गेलेला. गृहभेटीला गेले तेव्हा मी आईला सांगितलं, "ताई, गव्हाची लापशी द्या, तूप घालून शिरा द्या, दुधाबरोबर बिस्किटं द्या." आणि भेटीच्या वहीत लिहून टाकलं, 'आहाराबाबत समुपदेशन केले.' त्या माऊलीने सगळं केलं. जेवढं खाऊ घातलं तेवढे जुलाब वाढले. सासूबाई म्हणायच्या, हिला पोरीला नीट जेवायला घालता येत नाही. शेजारीण म्हणायची, नजर लागलीय. जंताच्या गोळ्या झाल्या, लोहाच्या गोळ्या सहा महिने चालल्या, तरी हिमोग्लोबिन सातच्या वर सरकेना. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी केली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला. आजाराचं नाव सिलियाक. आणि त्रास कशाचा, तर गव्हाचा. म्हणजे मी जे द्यायला सांगितलं होतं, नेमकं त्याचाच.

नाव छापायचं नाही या अटीवर ताईंनी हे लिहायला होकार दिला. त्या म्हणाल्या, "लिही गं. दुसऱ्या कुणाला बोल नको बसायला."

कणकेत काय असतं?

गटाच्या बैठकीत हे करून बघा. गव्हाच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास ठेवा, मग पाण्याच्या वाटीत हळूहळू चोळून धुवा. पांढरं पाणी निघून जाईल आणि हातात चिवट, रबरासारखं काहीतरी उरेल. ते ग्लुटेन. त्याच्यामुळेच चपाती लाटता येते, पाव फुगतो. तांदळाचा किंवा नाचणीचा गोळा असा धुतला तर हातात काहीच राहत नाही. म्हणून तर भाकरी थापावी लागते.

आपल्या लहान आतड्याला आतून टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. सिलियाक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती या उंचवट्यांवरच हल्ला करते. टॉवेल झिजून सपाट झाला की पाणी टिपत नाही, तसंच होतं. मग लोहाची गोळी घ्या नाहीतर तूप खा, आत काही शोषलंच जात नाही.

गव्हावर संशय पक्का झाला तो दुसऱ्या महायुद्धात. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली, पाव मिळेना. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना आधीपासून शंका होतीच. या आजाराची मुलं त्या दुष्काळात सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. १९५० मध्ये त्यांनी हे प्रबंधात मांडलं. आपल्याकडे दिल्ली परिसरातली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला. उत्तरेत गहू जास्त खातात, तिकडे हा जास्त दिसतो. पण आता आपल्याकडेही सकाळी बिस्किट, डब्यात चपाती, संध्याकाळी वडापाव असंच चालतं ना?

प्रत्येकाला जुलाब होतीलच असं नाही. कुणाला फक्त रक्त कमी. कुणाचं पोट फुगतं, तोंड वारंवार येतं, उंची वाढत नाही, मुलीला पाळी उशिरा येते. मोठ्या बायकांमध्ये हाडं ठिसूळ होणं, वारंवार गर्भपात होणं यामागेही कधीकधी हे असतं. या तक्रारींना दुसरीही पुष्कळ कारणं असतात, म्हणून लगेच घाबरू नका. मात्र गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "सिलियाकची तपासणी करायची का?" या रक्त तपासणीला टीटीजी म्हणतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तिथेही मुलाला दाखवून पुढची चिठ्ठी मागता येते.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. तपासणीच्या आधी स्वतःच्या मनाने गहू बंद करायचा नाही. गहू बंद केला की रक्तातल्या खुणा कमी होत जातात आणि तपासणी खोटी 'चांगली' येते. आधी तपासणी, मग बंद. आणि घरात एकाला निघाला तर आईवडील, भावंडं यांचीही तपासणी करावी, कारण आजार काही अंशी आनुवंशिक आहे. तो संसर्गाचा नाही. पोरीचं ताट वेगळं ठेवायचं ते तिच्यापासून कुणाला धोका आहे म्हणून नाही, आपल्या चपातीपासून तिला आहे म्हणून.

मग खायचं काय?

या आजारावर रोजची गोळी नाही. गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद, हाच उपचार. ऐकून ताई रडल्या होत्या. मी म्हटलं, तुमच्या आजेसासूबाई रोज काय जेवायच्या? तांदळाची भाकरी, भात, वरण, सुकट. यात ग्लुटेन कुठंय? तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी, मका, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, भाज्या, दूध, अंडी, मासे, मटण चालतं. गणपतीत उकडीचे मोदक चालतात, तळलेले कणकेचे नाही. घावन, आंबोळी, पातोळ्या खुशाल करा. दुकानातली 'ग्लुटेन फ्री' महाग बिस्किटं घ्यायलाच हवीत असं मला वाटत नाही.

रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव, टोस्ट बंद, हे कुणालाही कळतं. फसवतात ते दुसरेच पदार्थ. कुरडई घ्या. गहू भिजवून चीक काढला, चोथा फेकला, म्हणजे गहू गेला असं वाटतं. तसं नाही, चिकातही ग्लुटेन राहतं. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव. ओट्समध्ये बहुतेक वेळा गव्हाची भेसळ होते. चायनीजच्या सोया सॉसमध्ये गहू. आणि हिंग! बाजारातल्या बऱ्याच डबीबंद हिंगात गव्हाचं पीठ घातलेलं असतं. ताईंच्या घरी सगळं बंद करूनही पोट दुखायचं थांबेना, तेव्हा शोधता शोधता गाडी हिंगाच्या डबीवर येऊन थांबली.

दुसरा चोर म्हणजे गिरणी. गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात तांदूळ टाकला की आतलं गव्हाचं पीठ त्यात येतं. 'आधी थोडा तांदूळ दळून घेतो' असं गिरणीवाले दादा मनापासून म्हणतात, पण तेवढ्याने भागत नाही. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू दळत नसाल तर उत्तम. ताईंच्या सासूबाई सुरुवातीला नातीला गुपचूप बिस्किट द्यायच्या, "एका तुकड्याने काय होतंय?" म्हणायच्या. मुलगी रात्रभर कळवळली तेव्हा त्यांना पटलं. मग त्यांनीच माळ्यावरचं जुनं जातं खाली उतरवून धुतलं. त्यावर कधी गहू दळला नव्हता.

चाळणी, पोळपाट-लाटणं आणि तवा वेगळा ठेवा. वडापावच्या गाडीवर बटाटावडा बेसनाचाच असतो, पण त्याच कढईत समोसे तळतात. आणि एका घरात दोन स्वयंपाक म्हणजे त्याच बाईचं काम दुप्पट, हे कुणी बोलत नाही. ताईंच्या घरी आता रात्री सगळेच भाकरी खातात. नवऱ्याने आधी तोंड वाकडं केलं, आता निमूट जेवतो.

मुलीला आता अकरा महिने झाले. हिमोग्लोबिन अकरावर आलंय, मागचा फ्रॉक आखूड झालाय.

जाता जाता आपल्या गटांसाठी. नाचणीच्या पिठाच्या पाकिटांवर 'ग्लुटेन फ्री' छापू असं मीच सुचवलं होतं. ते मी मागे घेते. कायद्याप्रमाणे तसं लिहायला एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या पिठाची एक चिमूट पडली तरी मर्यादा ओलांडू शकते. आपण दळतो सार्वजनिक गिरणीत. छापून आलेल्या लेबलांवर तो शब्द खोडायचा, थोडं नुकसान झालं तरी चालेल. वेगळी घरघंटी घेण्याचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ. त्या बैठकीला प्रत्येकीने घरातली हिंगाची डबी घेऊन या. मागची बारीक अक्षरं एकत्र वाचू. चष्मा विसरू नका.

– तुमची क्षेत्र समन्वयक