ओव्हर देऊन ठेव

नागपूर, सोमवार

चि. सुनंदा हिस अनेक आशीर्वाद.

काल तू आलीस, गप्पा झाल्या आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणालीस, "सिस्टर, माझं कोण आहे? मेल्यावर ज्याला जे घ्यायचं ते घेईल." तू गेलीस, पण ते वाक्य माझ्याजवळच राहिलं. रात्री झोप लागली नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

तू माझी विद्यार्थिनी. रात्रपाळीने अंग मोडून आलं तरी ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हे मी तुम्हा सगळ्यांना पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. कुणाचं सलाईन किती उरलंय, कुणाला कशाची ॲलर्जी आहे, कुणाच्या घरी निरोप गेलेला नाही, हे सगळं पुढच्या पाळीला सांगायचं आणि लिहूनही ठेवायचं. इतकी वर्षं तू ते चोख केलंस. मग स्वतःच्या बाबतीत कागद कोरा का?

आणि तो कोरा राहत नाही, सुनंदा. तू लिहिलं नाहीस तर तुझ्या जागी कायदा लिहितो. मानेवाड्याचा फ्लॅट तू स्वतःच्या पगारातून घेतलास. मूलबाळ नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिची स्वकष्टाची मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. म्हणजे तुझे यजमान भाऊसाहेब गेल्यावर तेरावा उरकून जे दीर-नणंदा पुन्हा तुझ्या दारी फिरकले नाहीत, ते तुझ्या फ्लॅटचे मालक होतील. वडिलांकडून आलेली काटोलची संत्र्याची बाग मात्र त्याच कलमाने माहेरच्या वारसांकडे वळेल. वरच्या मजल्यावरची तुझी मैत्रीण, जिने तुझ्या टायफॉइडमध्ये तीन आठवडे तुला भरवलं, तिचा कायद्याला पत्ताही नाही.

हे मी घाबरवायला सांगत नाही. नारायणी देवी नावाच्या बाईच्या बाबतीत हेच झालं. लग्नानंतर तीन महिन्यांतच नवरा साप चावून गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली, पैसे साठवले. 1996 मध्ये ती मृत्युपत्र न करता वारली. तिच्या ठेवी आणि प्रॉव्हिडंट फंड कुणाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2009 मध्ये निकाल सासरच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनाही तिची कणव आली होती, पण कायद्याचे शब्द त्यांना बदलता येईनात. तिने स्वतः कागदाच्या एका पानावर चार ओळी लिहिल्या असत्या तर त्या पुरल्या असत्या.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क लागत नाही. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांनी तुला सही करताना पाहिलेलं हवं. ज्याला काही देतेस त्याला साक्षीला घेऊ नको, उगाच संशयाला जागा होते. नोंदणी सक्तीची नाही. तरी तू ती दुय्यम निबंधकाकडे करच. शुद्धीत असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्रही जोड, कारण ज्यांना काही मिळत नाही ते आधी तुझ्या डोक्यावरच शंका घेतात. एक्झिक्युटर नेम, तो तुझ्याहून वयाने लहान असू दे.

बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झालं, असं काल म्हणालीस. ते चूक आहे. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही. 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकरांच्या मागे शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून घरातच खटला चालला आणि डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तेव्हा मृत्युपत्र आणि नॉमिनी, दोन्हीकडे नावं एकच ठेव.

पण इस्टेटीपेक्षा मला जास्त काळजी आहे ती मरणाच्या आधीच्या दिवसांची. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून माझं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तू चंद्रपूरला होतीस. शेजारच्या वहिनींनी मला दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही, पण तिथे काउंटरवर पहिला प्रश्न आला, "नातेवाईक कोण?" मी पूर्ण शुद्धीत होते. शुद्धीतल्या सज्ञान रोग्याची स्वतःची संमती पुरते, हे मी आयुष्यभर शिकवलेलं. तरी रक्ताचं कुणी येऊन सही करावी म्हणून मी रात्रभर स्ट्रेचरवर होते, आणि वहिनी बाकावर. सकाळी ओळखीचे डॉक्टर आले म्हणून सुटले. शुद्ध नसती तर?

तू नर्स आहेस, म्हणून अरुणा शानबागची आठवण तुला द्यायला हवी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या नर्सवर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला आणि ती पुन्हा कधी भानावर आली नाही. पुढे नातलग दुरावले. तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली ती केईएमच्या नर्सेसनी. पाळ्या बदलल्या, पिढ्या निवृत्त झाल्या, आणि तिला बेडसोर होऊ दिला नाही याची दखल न्यायालयालाही घ्यावी लागली. 7 मार्च 2011 च्या निकालात प्रश्न होता की अरुणाच्या वतीने बोलायचं कुणी. न्यायालय म्हणालं, तिला मरू द्यावं अशी याचिका करणाऱ्या पिंकी विराणींनी नव्हे, केईएमच्या माणसांनी. ती 18 मे 2015 ला गेली. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. सेवा करणारा तोच आपला, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पण ते ठरायला अरुणाला 37 वर्षं लागली, कारण तिला स्वतःला काही सांगून ठेवण्याची संधीच मिळाली नव्हती. तुला आहे.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. बरं होण्याची आशा उरली नाही तर व्हेंटिलेटर हवा की नको, आणि तुझ्या वतीने कुणी बोलायचं, हे त्यात लिही. एकापेक्षा जास्त नावं दे. एखादं माणूस त्या दिवशी गावाला गेलेलं असतं.

मुखत्यारपत्रावर मात्र फार भिस्त ठेवू नको. शरीर थकलं तरी मन शाबूत आहे तोवर ते उपयोगी. बँक, वीज, मिळकत कर, सगळं दुसऱ्याला करता येतं. पण देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की कायद्याने ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. मग कुणाला तरी सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. त्यापेक्षा काही ठेवी आधीच छोट्या ट्रस्टमध्ये घालून, तुझ्या देखभालीसाठी खर्च करायला दोन विश्वस्त नेम. वकिलाला एवढंच विचारायला जा.

आणि कुणी गोड बोलून "मावशी, आम्ही बघू तुम्हाला" म्हणालं तर घर बक्षीसपत्राने देऊ नको. माझ्या बॅचच्या एकीने दिलं. वर्षभरात तिची खाट गच्चीवरच्या खोलीत गेली. द्यायचंच झालं, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच लिहून घे; मग 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे ते रद्द करून मागता येतं. तोंडी वचनाला तिथे वजन नसतं.

आपल्या कमलाताई होस्पेट आठव. बालविधवा, डफरिनमध्ये नर्सिंग शिकल्या आणि 1921 मध्ये वेणूताई नेन्यांसोबत त्यांनी मातृसेवा संघ उभा केला. त्याच संघाच्या पंचवटी वृद्धाश्रमात एकदा माझ्याबरोबर चल. राहायला नव्हे, बघायला. जागा कधी मिळते, अंथरुणाला खिळलेल्याला ठेवतात का, रात्री नर्स असते का, हे पायांत बळ असताना विचारून ठेवायचं असतं.

शेवटचंही लिही. देहदान की अंबाझरी घाट, आणि फोन कुणाला करायचा. हा कागद मृत्युपत्रात ठेवू नको, ते बहुधा दिवस झाल्यावर उघडतात. मैत्रिणीच्या हातात दे.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला ये. फ्लॅटची रजिस्ट्री, काटोलचा सातबारा आणि सगळी पासबुकं आण. साक्षीला मला धरू नको, मी तुझ्याहून चोवीस वर्षांनी मोठी आहे. तुझ्यापेक्षा लहान अशा दोघांना सोबत घेऊन ये.

तुझी
सिस्टर