बसचालकाचे हृदय आणि कंडक्टरचे हृदय

या वर्षीच्या आरोग्य शिबिरात विद्यार्थ्यांबरोबर शाळेच्या कर्मचाऱ्यांचीही बी.पी. व साखर तपासली जाणार आहे. त्या निमित्ताने नववी-दहावीसाठी हा छोटा पाठ. पालकांनी व विश्वस्तांनीही तो वाचावा, अशी आमची विनंती.

लंडनच्या दुमजली बसवर पूर्वी दोन माणसे असत. चालक दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटांसाठी सारखा जिना चढणारा-उतरणारा. डॉ. जेरी मॉरिस यांनी या दोघांच्या प्रकृतीची तुलना करून १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत निष्कर्ष छापला. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी बहुधा सौम्य. शहर तेच, गाडी तीच! आता हुशार विद्यार्थी विचारेल, जाड माणसेच चालक होत असतील तर? मॉरिसनाही ही शंका आली. त्यांनी गणवेशाच्या पँटच्या कमरेची मापे मिळवली. चालक खरोखरच कमरेने मोठे निघाले; पण सडपातळ कंडक्टरशी सडपातळ चालकाची तुलना केली, तरी धोका चालकालाच जास्त दिसला.

१९६७ पासून तिथल्याच सरकारी कार्यालयांतील सतरा हजारांहून अधिक पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. आपला समज असा की टेन्शन मोठ्या साहेबाला. निघाले उलटे. सर्वात खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक होते, आणि धूम्रपान, बी.पी. वगैरे हिशेबात धरूनही हा फरक पूर्ण उलगडत नव्हता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात डॉ. मायकेल मार्मट व सहकाऱ्यांना आढळले की, ज्यांना आपले काम कधी व कसे करावे हे ठरवता येत नाही, त्यांना धोका अधिक. कामाचे तासही महत्त्वाचे आहेत. आठवड्यात ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यूचा धोका ३५-४० तासवाल्यांपेक्षा सुमारे १७ टक्के जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले.

म्हणजे नुसते बी.पी. मोजून भागणार नाही. आमच्या मते फॉर्मवर कामाचे तास, सलग बसणे, जेवणाची वेळ आणि रात्रीची झोप हेही लिहून घ्यावे. भृत्य, चालक व चौकीदार यांना आधी बोलवावे, प्राचार्यांचा नंबर शेवटी लागला तरी चालेल. गाडीवरून उतरलेल्या चालकाला पाच मिनिटे शांत बसवूनच बी.पी. घ्यावे; त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको.

चालक मंडळींना एक धास्ती वाटते. बी.पी. जास्त निघाले तर नोकरी जाईल, म्हणून ते तपासणीलाच येत नाहीत. यासाठी रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हाती द्यावा, कार्यालयात त्याची फाइल करू नये. आणि डॉक्टरांनी सांगितले तर माणूस न बदलता त्याच्या फेऱ्या बदलाव्यात. विश्वस्त मंडळाने असा ठराव शिबिराआधीच करून सूचना फलकावर लावावा.

गृहपाठ : बसून एक मिनिट नाडी मोजा, मग शाळेचा जिना दोनदा चढून-उतरून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहून आणा.