सेल मेला नव्हता, किट अपुरं होतं

जूल थीफ, म्हणजे संपत आलेल्या सेलवर एलईडी पेटवणारं छोटं सर्किट, जोडला आणि एलईडी लागला नाही, की किट विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: "तुमची जोडणी चुकली." हे उत्तर मला मान्य नाही. सेल सोडला तर या सर्किटला लागतात फेराइटची रिंग व तिच्यावरची तार, एक ट्रान्झिस्टर, एक हजार ओहमचा रेझिस्टर आणि एलईडी. नोव्हेंबर १९९९ मध्ये 'एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' या ब्रिटिश मासिकात झेड. कापार्निक यांनी ते मांडलं, त्यालाही आता बराच काळ लोटला. इतकं साधं आणि जुनं सर्किट नवशिक्याच्या हातात अडतं, ते किटसोबतच्या कागदावर जे छापलेलंच नसतं त्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात मोठी लपवाछपवी वेढ्यांच्या दिशेची. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, सेल देतो जेमतेम दीड. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद झाला, तरच ही तूट भरून निघते. आणि बेसकडच्या वेढ्यांनी कलेक्टरकडच्या वेढ्यांना साथ दिली, तरच तो तसा होतो. म्हणून दोन्ही तारा जोडीनं रिंगवर गुंडाळायच्या, एकीचं सुरुवातीचं टोक दुसरीच्या शेवटच्या टोकाला जोडायचं आणि तो जोड सेलच्या धन टोकाला न्यायचा. दोन्ही सुरुवातीची टोकं एकत्र जोडली, की साथीचा विरोध होतो आणि एलईडी ढिम्म राहतो. आकृतीत दोन्ही तारांच्या सुरुवातीच्या टोकांशी एकेक असे दोन ठिपके छापले तर हे कुणालाही कळेल. रिंगचंही तेच. फेराइटऐवजी जुन्या पॉवर सप्लायमधली पिवळी, लोहभुकटीची रिंग दिली, तर तेवढ्याच वेढ्यांत फारच कमी इंडक्टन्स मिळतो. बीसी ५४७ च्या जागी टू-एन ३९०४ दिला, तर कलेक्टर आणि एमिटरचे पाय उलटे येतात. मग चूक जोडणाऱ्याची कशी?

"एवढ्या स्वस्त वस्तूसाठी एवढी तक्रार?" असं कुणी म्हणेल. वसई-विरारच्या माणसाला एका रिंगसाठी लोकलनं ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, तर दिवस जातो. स्वस्ताई तिथेच संपते. "चुकांतूनच माणूस शिकतो" हा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. पण कारण सापडलं तरच चूक शिकवते. कारण दडवलेलं असेल, तर शाळकरी पोर एवढंच शिकतं की आपल्याला हे जमत नाही, आणि सोल्डरिंग आयर्न कायमचं माळ्यावर जातं. याचा मला मनस्वी राग आहे.

"मेलेल्या सेलवर घरभर उजेड" ही जाहिरात तर आणखी वाईट. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरार अंधारात बुडालं होतं. अशा रात्री या एका एलईडीवर विसंबू नये, चार्ज केलेली बॅटरी जवळ ठेवावी. सर्किट सेलमध्ये ऊर्जा घालत नाही, उरलेली तेवढी काढतं. मोटारीची खेळणी जास्त करंट ओढतात आणि लवकर थांबतात, म्हणून त्यांतून काढलेल्या सेलात बरंच उरलेलं असतं. भिंतीवरच्या घड्याळातला सेल मात्र जवळजवळ निथळून गेलेला असतो. चाचणीला तो घेऊ नका. साधा झिंक-कार्बन सेल पार संपेपर्यंत होल्डरमध्ये ठेवला, तर तो गळून पत्र्या खातो. सोल्डर नीट करा, घाई नको. एलईडी न लावता सर्किट चालू करू नका, कारण व्होल्टेजचे उसळते झटके मग ट्रान्झिस्टरवरच येतात. रिंग हवी असेल तर बंद पडलेल्या सीएफएलच्या बुडातल्या सर्किटमध्ये बहुधा छोटी फेराइट रिंग मिळते. मात्र काचेची नळी फोडू नका, आत पारा असतो. कपॅसिटरमध्येही चार्ज उरलेला असू शकतो. आणि किट विकतच घ्यायचं, तर पैसे देण्याआधी कागद उघडून त्यावर ते दोन ठिपके शोधा.